इंजिनाला बांधलेल्या चिंध्या

आमच्या इंजिनाला चिंध्या बांधलेल्या होत्या. विहिरीवर पहिल्यांदा आलेला माणूस त्या बघून हसायचाच. कुणी विचारायचं, "दृष्ट लागू नये म्हणून काय?" मी काही बोलत नसे. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, लहानपणापासून तसंच आहे. पण त्या चिंध्या मी बांधल्या होत्या आणि कुठली कशासाठी ते मला पुरतं माहीत होतं. म्हणून ते आज लिहून ठेवते. कुणाला वाचायला देण्यासाठी नाही. चौथीपर्यंत शिकलेली अक्षरं आहेत, ती एकदा या कामाला लावावीत असं वाटलं.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी लग्न होऊन मी चौलजवळच्या या वाडीत आले. माड, पोफळी, मधेमधे केळी आणि मागच्या अंगाला विहीर. तेव्हा विहिरीवर रहाट होता. बैल गोल फिरायचा, लोटे भरून वर यायचे, पाणी पाटाने झाडांच्या आळ्यांत जायचं. या कामाला आमच्याकडे शिंपणं म्हणतात. माड एकवेळ सोसतो, पण पोफळ नाजूक. उन्हाळ्यात तिच्या पाण्यात खंड पडला तर ती मान टाकते, आणि लहान रोप असेल तर परत उभं राहत नाही.

सासरे वारल्यावर घरात सासूबाई, मी आणि दोन मुलं. हे मुंबईला गिरणीत. पुढे काही वर्षांनी बैल म्हातारा झाला आणि रहाटावरचा गडीही मुंबईला निघून गेला. तेव्हा यांनी एक जुनं ऑइल इंजिन आणि पंप आणला. मुरुडचे एक मुसलमान मेस्त्री बैलगाडीबरोबर चालत आले, त्यांनी विहिरीशेजारी खोप घालून इंजिन बसवलं. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला.

जेवताना यांनी सांगितलं, "हा उन्हाळा बघू. शिंपणं नीट झालं तर ठीकच. नाही झालं तर पावसाच्या आधी वाडी खंडाने कसायला देऊन टाकतो. चुलतभाऊ घ्यायला तयार आहे. मग तुम्ही सगळी मुंबईला चला."

सासूबाई भात वाढत राहिल्या. मागच्या बाजूची नवी पोफळीची रोपं त्यांनी सासरे गेल्यानंतर स्वतःच्या हाताने लावली होती. हे उठून गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "त्या एका खोलीत मी काय करू ग? भिंतीला पाणी घालू?"

यांना मेस्त्री इंजिन दाखवत होते तेव्हा मी माडाच्या आड उभी होते. शेवटी हेच म्हणाले, "मेस्त्री, मी उद्या जाणार. चालवायचंय ते हिला." मेस्त्रींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हसले नाहीत. सगळं पुन्हा पहिल्यापासून दाखवलं. तेलाचा कॉक उघडायचा. पंपाच्या नरसाळ्यातून पाणी ओतून पंप भरायचा, नाहीतर तो विहिरीतलं पाणी उचलत नाही. मग एक कळ वर करून धरायची, तिने इंजिनाचा दम सुटतो आणि ते फिरवायला हलकं होतं. मग हँडल फिरवायचं, चाकाने वेग घेतला की कळ सोडायची. त्या कळीला मेस्त्री इंग्रजी नाव सांगत होते, ते माझ्या जिभेवर बसेना. मी तिला दमाची कळ म्हणू लागले. इंजिन बंद करायची कळ वेगळी, ती दाबून धरायची.

मला ते जमलं. आपल्या हाताने एवढं धूड धडधडत सुरू होतं आणि पाटाला पाणी लागतं, याचा आनंद मी कुणाला सांगितला नाही. पण पाटाच्या कडेने पाण्याबरोबर चालत शेवटच्या आळ्यापर्यंत जायची.

मग मी बाजूला बसले.

बायकांना हे सांगायला नको. आमच्या घरी त्या दिवसांत मागच्या पडवीत वेगळं बसायचं, कशाला शिवायचं नाही. विहिरीला तर नाहीच. इंजिनाची पूजा झालेली, त्याच विहिरीचं पाणी देवाला जायचं. तेव्हा त्यालाही हात लावायचा प्रश्न नव्हता, आणि मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. इंजिन बंद राहिलं. सासूबाई कळश्या भरून भरून रोपांना घालत होत्या. मी न्हाऊन परत विहिरीवर गेले तर टोकाची काही रोपं पिवळी पडली होती.

शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "काय ग, इंजिन पण बाजूला बसलं वाटतं?"

सासूबाईंना ते फार लागलं. त्या घरात येऊन म्हणाल्या, "मला शिकव."

मी रोज त्यांना बरोबर उभं करून दाखवू लागले. हे असं करायचं, मग ते तसं. त्या मान हलवायच्या, "व्हय, व्हय." मला वाटलं शिकल्या. पुढच्या खेपेला मी पडवीत आणि त्या खोपीत. मधे पोफळींच्या रांगा. मला पडवीतून ओरडून सांगावं लागलं, त्याचीच आधी लाज. सगळ्या आळीला ऐकू जात होतं.

"आत्या, ती कळ वर करा!"

"कुठली? हितं तीन हायत!"

"ती, चाकाजवळची!"

"चाकं दोन हायत ग बाये!"

कुंपणापलीकडून काकूंचं हसू ऐकू आलं. सासूबाईंनी नको ती कळ ओढली, हँडल फिरवून फिरवून घामाघूम झाल्या आणि शेवटी कळशी उचलून विहिरीवर गेल्या.

पडवीत बसलेल्या बाईला काम नसतं. मी विचार करत बसले. माझ्या लक्षात आलं की मी शिकवलं म्हणते ते माझ्या बोटाने शिकवलं होतं. 'हे' आणि 'ते' म्हणायचं आणि बोट करायचं. बोट काढून घेतलं तर माझ्या बोलण्यात काहीच उरत नव्हतं. मेस्त्रींचे शब्द सासूबाईंना माहीत नाहीत, माझे शब्द माझ्या डोक्यातच. आम्हा दोघींना ठाऊक असलेलं असं त्या इंजिनावर काय आहे? काहीच नाही. मग ते तिथे न्यायला हवं.

न्हाऊन उठल्यावर मी जुन्या कपड्यांचं गाठोडं सोडलं. तेलाच्या कॉकला माझ्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधली. पंपाच्या नरसाळ्याला मुलीच्या परकराची पिवळी. दमाच्या कळीला सासूबाईंच्या निळ्या लुगड्याच्या काठाची. बंद करायच्या कळीला लाल खणाची. फिरणाऱ्या कशालाही चिंधी बांधली नाही, आणि बांधलेल्यांचं शेपूट लोंबणार नाही अशा कापल्या. सासूबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"बारसं हाय काय इंजिनाचं?"

"आत्या, आता मी निळी म्हटलं की कुठली?"

"माझी," त्या लगेच म्हणाल्या आणि बरोबर कळीवर हात ठेवला.

इतकं सोपं होतं ते. पण हँडलला हात लावायला त्या तरीही कचरत. मी एके दिवशी विचारलं, भीती कशाची वाटते? त्या म्हणाल्या, "चालू हुईल ग. पण थांबलं न्हाय तर? तू पडवीत. एवढ्या आवाजात तुझं काय ऐकू येतंय मला?"

खरंच होतं. सुरू होईपर्यंत माझा आवाज पोचायचा, पण इंजिन धडधडायला लागल्यावर त्या एकट्याच. आणि मी त्यांना सुरुवातीपासून शिकवत होते, कारण मेस्त्रींनी मला तसं शिकवलं होतं. मी क्रम उलटा केला. काही दिवस मीच सुरू करायची आणि बंद मात्र त्यांच्याकडून करवायची. लाल कळ दाबून धरायची, चाक पुरतं थांबेपर्यंत सोडायची नाही. पहिल्यांदा त्यांनी डोळे मिटून दाबली. चाक हळूहळू गप झालं तेव्हा एक डोळा उघडून म्हणाल्या, "मुकाट बसलं की!" नंतर नंतर त्या मुद्दाम दोनदा-तीनदा बंद करायच्या, मला पुन्हा सुरू करावं लागायचं. ज्याला गप्प बसवता येतं त्याची भीती राहत नाही. त्यांनीच मग एके सकाळी हँडल हातात घेतलं. पन्नाशीच्या होत्या, पण भात कांडून दंड घट्ट झालेले. हँडलची त्यांना कधीच अडचण नव्हती.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. मी विचारायची, "पंप भरला का?" त्या म्हणायच्या, "भरला." भरलेला नसायचा. खोटं बोलायच्या असं नाही. सुनेने विचारलं तर नाही कसं म्हणायचं, आणि भरला म्हणजे काय तेही त्यांना नक्की ठाऊक नव्हतं. मी तसं विचारणं सोडलं. "नरसाळ्यात काय दिसतंय?" असं विचारू लागले. त्या वाकून बघायच्या, "बुडबुडे येतात." मग अजून ओता. "आता?" "आता माझं तोंड दिसतंय." म्हणजे भरला. तेव्हापासून आमच्यात पंप भरणं म्हणजे तोंड दिसेपर्यंत.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मात्र घोटाळा झाला. मी दुपारी इंजिन सुरू केलं आणि थोड्या वेळात ते किंचाळायला लागलं, चाकाजवळ हात धरवेना इतकं तापलं. मी लाल कळ दाबली. बघते तर चाकाच्या आसाला तेल पोचवणारी पितळेची तेलदाणी सोन्यासारखी झळकत होती. सण म्हणून सासूबाईंनी देवाच्या भांड्यांबरोबर ती चिंच आणि राख लावून घासली होती. आतल्या भोकातलं काळं तेलसुद्धा बोटाने काढून राखेने साफ केलं होतं.

मुरुडला निरोप धाडला. मेस्त्री एस.टी.ने आले, इंजिन उघडून बसले आणि हसू आवरेना त्यांना. "वहिनी, इंजिनात वाळू बघितली, पानाची पिंक बघितली. राख आज बघितली. इंजिनाला वैराग्य आलं काय?"

"मग काय घाण ठेवायची?" सासूबाई फणकारल्या. "सणासुदीला?"

"अम्मा, त्याची घाण म्हणजेच त्याचं तूप."

मेस्त्रींनी सगळं रॉकेलने धुऊन परत बसवलं. रागाने एक शब्द बोलले नाहीत. ते काम करत होते तेव्हा मी मागे उभी राहून विचार करत होते. मी सासूबाईंना काय करायचं ते सगळं सांगितलं होतं, काय करायचं नाही ते सांगितलंच नव्हतं. मला वाटलंच नव्हतं की असं कुणी करेल. पण हातांना त्यांच्या सवयी असतात. पितळ दिसलं की हात घासणारच. मग त्यांचे हात आणखी काय काय करतील, न सांगता? मी त्यांना दिवसभर बघत राहिले. मुसळ उचलताना अंगठा मुठीभोवती घट्ट आवळतात. हँडल तसं धरलं आणि ते उलटं उसळलं तर अंगठा जाईल. तो बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. वाकताना पदर पुढे येतो, तो पंप फिरवणाऱ्या पट्ट्यात जाईल, म्हणून खोपीत शिरण्याआधी कंबरेला खोचायचा. गरम भांडं दिसलं की ओलं फडकं टाकतात. ते इंजिनावर टाकायचं नाही, तापलेलं लोखंड तडकतं.

हे सगळं मी त्यांना सांगितलं, प्रत्येकाचं कारण सांगून. कारण सांगितलं की त्या वाद घालत आणि वाद घातला की त्यांच्या ध्यानात राही. आणि तेलदाणीला मी सासऱ्यांच्या जुन्या धोतराची पांढरी चिंधी बांधली. पांढरी म्हणजे तेल घालण्यापलीकडे हात लावायचा नाही.

"मामंजींच्या धोतराला हात लावायची कुणाची टाप होती?" मी म्हटलं. त्यांच्यासमोर मी केलेली ती बहुधा पहिली थट्टा. त्या इतक्या हसल्या की खाली बसल्या.

मेस्त्री निघताना चिंध्यांजवळ थांबले. कुठली कशाची ते विचारलं. सासूबाईंनी सांगितलं, मी आत गेले. मला ऐकू आलं, ते म्हणत होते, "हे माझ्या डोक्यात आलं नसतं, अम्मा."

वैशाखात, ऊन अगदी कडक असताना, हे न कळवता बोटीने आले. मी पडवीत बसले होते. मला तिथे बघून यांचा चेहरा उतरला. दुरूनच म्हणाले, "म्हणजे आज शिंपणं नाही." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "भाऊ संध्याकाळी यायचाय बोलायला. बरं झालं, आजच ठरवून टाकू."

तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, पदर खोचला आणि खोपीकडे निघाल्या. हे मागोमाग.

"आई, कुठे निघालीस?"

"पाणी सोडायला."

पडवीतून पोफळींच्या मधून मला खोप दिसत होती. सासूबाईंचा हात हिरव्या चिंधीकडे गेला. मग त्या कळशीने नरसाळ्यात पाणी ओतू लागल्या. थांबल्या, वाकून बघितलं, पुन्हा ओतलं, पुन्हा वाकल्या. हे म्हणाले, "बस की आता, किती ओततेस?" त्या म्हणाल्या, "गप. तोंड दिसू दे." यांना काय कळणार त्याचं! मग यांनी हँडल धरलं, "दे इकडे, तुला झेपायचं नाही."

"अंगठा काढ आधी!" त्या अशा ओरडल्या की मी पडवीत दचकले. "मुसळ हाय व्हय ते? सोड. तिकडं हो. तुझा शर्ट बघ कसा लोंबतोय."

हे बाजूला झाले. काही चुकलं तर ओरडायचं, असं मी ठरवलं होतं. त्यांनी निळी कळ वर केली. हँडल फिरू लागलं, आधी जड, मग सरसर. निळी सोडली. इंजिनाने एक ठोका दिला, दुसरा दिला आणि मग धडधडत सुटलं. सासूबाईंनी हँडल काढून जागेवर ठेवलं, मान वळवून पडवीकडे पाहिलं. मी एक शब्दही बोलले नव्हते. बोलावा लागलाच नव्हता.

पाणी पाटाला लागलं. हे पाटाच्या कडेने शेवटपर्यंत चालत गेले, मी जायची तसे. टोकाच्या रोपांशी बराच वेळ उभे होते. काही रोपं गेली होती ती जागा दिसत होती, पण बाकीची हिरवीगार उभी होती. परत आले तेव्हा पडवीपासून थोड्या अंतरावर थांबून मला विचारलं, "त्या चिंध्या कुणाच्या डोक्यातून?"

सासूबाई मागून म्हणाल्या, "हिच्या. पण निळी माझी हाय."

संध्याकाळी चुलत दीर आले. यांनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "वाडी राहू दे. आईला आणि हिला जमतंय." एवढंच. मी पडवीत अंधारात बसून ऐकलं. मला वाटलं, मी चौथीच्या परीक्षेत पहिली आले होते तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

पावसाळा गेल्यावर मेस्त्रींनी मुरुडकडच्या एका बाईला आमच्याकडे धाडलं. तिचा नवरा बोटीवर नोकरीला, घरी नवीन इंजिन आलेलं, आणि सुरू करायला कुणी नाही. ती दारात उभी राहिली तशी मी आत सरकले. सासूबाई म्हणाल्या, "अग, तू शिकव." मी मान हलवली, तुम्हीच. त्या तिला खोपीत घेऊन गेल्या आणि मी विहिरीवर कपडे धूत ऐकत राहिले.

तिने आधी हँडललाच हात घातला असावा. सासूबाई म्हणाल्या, "थांब ग! आधी बंद करायला शीक. ती लाल. दाब. सोडू नको." मग म्हणाल्या, "अंगठा बाहेर." मग पाणी ओतल्याचा आवाज. मी धोपटणं थांबवलं. आता त्या काय विचारतात याची वाट बघत होते.

"भरला म्हणू नको," सासूबाई तिला म्हणाल्या. "काय दिसतंय ते सांग."

तिने वाकून बघितलं. जरा वेळाने हसून म्हणाली, "माझंच तोंड दिसतंय, मावशी."

"मग झालं," सासूबाई म्हणाल्या. "घरी जाऊन तुझ्या लुगड्याच्या चिंध्या बांध. आमच्या चालायच्या न्हायत."